सुटलेलं वाचन पुन्हा सुरू करायचंय? आधी पुस्तक बदला

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 42, पूर्णवेळ नोकरी, घरी दोन लहान मुलं. विशीत आठवड्याला एक पुस्तक संपायचं; आता कित्येक वर्षांत एकही पूर्ण झालेलं नाही. पुस्तकं विकत घेणं मात्र चालूच आहे. रात्री वाचायला घेतलं की दोन पानांत डोळा लागतो. वेळ कुठून काढायचा आणि लक्ष कसं टिकवायचं, हे विचारलंय. शिवाय एक उपप्रश्न आहे: अर्ध्यावर सोडलेली एक जाडजूड कादंबरी कपाटात पडून आहे, ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यावी का?

मी ग्रंथपाल आहे, आणि मोठ्या माणसांचे वाचनगटही चालवते. देवघेवीच्या टेबलामागून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. तीच व्यक्ती, तोच धावपळीचा महिना. एक पुस्तक चार दिवसांत संपवून आणते आणि दुसरं दोनदा मुदतवाढ घेऊन, सुरुवातीच्याच पानांत खूण अडकवलेली तशीच ठेवून, ओशाळत परत करते. त्या महिन्यात तिला मोकळा वेळ होता तेवढाच होता. म्हणून वेळेचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला प्रश्न पुस्तकाचा.

तरी वेळेचा हिशेब एकदा करून टाकू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने 2019 मध्ये वाचनवेगावरचे 190 अभ्यास एकत्र करून पाहिले. इंग्रजीत मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला 238 शब्द आणि कथात्म मजकुरासाठी 260 शब्द निघाला. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात, त्यामुळे मिनिटाला शब्द कमीच भरणार. त्यात सवय मोडलेली. तुमचा वेग दीडशे धरा. वीस मिनिटांत तीन हजार शब्द झाले, म्हणजे साधारण दहा-अकरा पानं. दोनशे पानांचं पुस्तक तीन आठवड्यांच्या आत संपतं. दिवसाला वीस मिनिटं कुणाकडेच नसतात असं नाही. ती मिळाल्यावर हात पुस्तकाकडे जात नाही, ही खरी अडचण आहे. हात का जात नाही, ते बघू.

तुमच्याकडे न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग आहे. त्यातलं प्रत्येक पुस्तक उचलून स्वतःला एकच विचारा: हे मी कुणासाठी घेतलं? बहुतेक ढिगांत तीन जातींची पुस्तकं निघतात. पुरस्कार मिळाला, सगळे बोलत होते, म्हणून घेतलेली. स्वतःला सुधारण्यासाठी घेतलेली. वेळेचं नियोजन, पैशांचं नियोजन, मनाचं नियोजन. आणि विशीतल्या तुम्हाला आवडली असती अशी. तिसरी जात सगळ्यात फसवी. तेव्हाच्या वाचकाकडे लांबलचक दुपारी होत्या, आयुष्याबद्दलचे मोठे प्रश्न होते आणि पाचशे पानं अंगावर घ्यायची खुमखुमी होती. आज त्या जागी दुसरा माणूस बसला आहे. त्याने आजारपणं पाहिली आहेत, कर्जाचे हप्ते भरले आहेत, माणसं जवळून पाहिली आहेत. त्याची आवड वेगळी असायचीच. पण ती नक्की काय आहे हे त्याला कुणी विचारलेलं नसतं, कारण मधल्या वर्षांत तो पुस्तकांच्या आसपासच नव्हता.

मग ती शोधायची कशी? टेबलाशी कुणी ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणालं की मी आवडते लेखक विचारत नाही. त्यावर जुनी, पाठ झालेली उत्तरं येतात. मी विचारते, गेल्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर काय बघत होतात? कुणी संकोचत सांगतं की जुन्या गुन्ह्यांच्या तपासाचे माहितीपट बघतो. कुणी विमान अपघातांची कारणं वाचत बसतं, कुणी कुत्र्यांच्या वागण्याबद्दल, कुणी राजघराण्यांतली भांडणं. ही तुमची आजची, कुणावर छाप पाडण्यासाठी नसलेली उत्सुकता. तिच्यावर कुठेतरी एक बरं पुस्तक लिहिलेलं असतं. सुरुवात तिथून करा. ते ‘साहित्य’ आहे की नाही याची काळजी वर्षभरानंतर करता येईल.

बाकी अटी सरळ आहेत. शक्यतो दीडशे-दोनशे पानांच्या आतलं. प्रकरणं छोटी. अक्षर मोठं, ओळींमध्ये हवा. पहिल्या पानावर पंधरा पात्रं अंगावर न येणारं. किशोरांसाठी लिहिलेलं असेल तरी हरकत नाही. त्या लेखकांना वाचक पळून जाण्याची भीती सतत असते, त्यामुळे ते रेंगाळत नाहीत. पूर्वी दोनदा-तीनदा वाचलेलं एखादं लाडकं पुस्तकही चालेल. कथानक ठाऊक असल्याने मनावर ताण येत नाही आणि ओळींवरून नजर फिरण्याची लय परत बसते. मात्र एकदाच वाचून भारावून गेलेलं पुस्तक यासाठी घेऊ नका. ते आता तितकं भावेलच असं नाही, आणि तो अपेक्षाभंग या टप्प्यावर महागात पडतो.

इथे मी एका रूढ सल्ल्याच्या विरुद्ध जाणार आहे. ‘वेळ कमी आहे ना, मग कथासंग्रह वाचा’ असं सर्रास सांगतात. मी सहसा सांगत नाही. वाचनातला सगळ्यात कष्टाचा भाग म्हणजे आत शिरणं: ही माणसं कोण, हे कुठे चाललंय, सांगणाऱ्याचा सूर कसा आहे. हे पहिल्या दहा-पंधरा पानांत कळायला लागतं. कादंबरीत हे कष्ट एकदाच पडतात, पुढे तीच तुम्हाला ओढते. बारा कथांच्या संग्रहात ते बारा वेळा पडतात, आणि प्रत्येक कथा संपली की पुस्तक खाली ठेवायला छान निमित्त मिळतं. उत्तम कथा वाचायला जास्त तयारी लागते. ती आली की जरूर वाचा. तुकड्यातुकड्यांनीच वाचायचं असेल तर कुणाची तरी पत्रं किंवा रोजनिशी घ्या. तिथे बोलणारा आवाज बदलत नाही.

आणि सोडायला शिका. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम आमच्या व्यवसायात प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचून पाहा, नाही रुचलं तर बंद करा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून आपलं वय वजा करा, उरतील तेवढी पानं पुरेत. म्हणजे साठीच्या वाचकाला चाळीस. सवय मोडलेल्या माणसासाठी मला पन्नासही जास्त वाटतात, पंचवीस-तीस बस. ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच नियम मांडले, त्यांतला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. आम्ही तो कपाटांच्या रचनेला आणि पुस्तकांच्या सूचीला लावतो. वाचकाने तो स्वतःला लावायला काहीच हरकत नाही. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं ओझं घेऊन माणसं दुसरं पुस्तक उघडत नाहीत आणि वर्षं निघून जातात, हे मी फार पाहिलं आहे.

फक्त सोडण्याआधी एक चाचणी घ्या. तोच परिच्छेद तुम्ही तीनदा वाचत असाल तर दोष पुस्तकाचा आहे की थकव्याचा, हे त्या क्षणी कळत नाही. तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने पाच पानं वाचा. सकाळीही पुढे काय होईल याची जराही फिकीर वाटली नाही तर परत करा. सकाळी ते बरं वाटलं, तर पुस्तक ठीक आहे, वेळ चुकली.

आता वेळेकडे येऊ. तुम्ही रात्री वाचता आणि दोन पानांत झोपता. दुसऱ्या रात्री ती दोन पानं आठवत नाहीत, म्हणून पुन्हा तीच. असा पंधरवडा गेला की गोष्ट जागची हललेली नसते आणि तुम्ही ठरवून टाकता की आपल्याला आता वाचन जमत नाही. दिवसभर नोकरी आणि मुलं सांभाळून अकरा वाजता आडवं झालेलं शरीर झोपणारच, त्यात काही बिघडलेलं नाही. झोपेआधी वाचायला आवडत असेल तर खुशाल वाचा, पण उशाशी पूर्वी वाचलेलं पुस्तक ठेवा. नवं पुस्तक दिवसातल्या जाग्या वेळेसाठी राखा.

ही जागी वेळ ‘रोज अर्धा तास वाचेन’ अशा संकल्पाने सापडत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, आणि त्यातला कामाचा भाग असा: नुसता हेतू ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं नेमकं बांधून ठेवलं तर ती कृती घडण्याची शक्यता वाढते. तेव्हा दिवसातली अशी घटना शोधा जी तुमच्या इच्छेशिवाय होतेच. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की. मुलाला शिकवणीला सोडून बाहेर थांबावं लागतं तेव्हा. गाडीत बसायला जागा मिळाली की. घरातले उठायच्या आत चहा झाला की. यातली एकच निवडा, आणि पुस्तक त्याच जागी ठेवा: पिशवीत, गाडीच्या कप्प्यात, चहाच्या टेबलावर. कपाटात ठेवलेलं पुस्तक या कामाला निरुपयोगी. आमच्या वाचनगटात टिकलेल्या बहुतेकांची वेळ अशीच कुठेतरी फटीत सापडलेली असते.

सवय लागायला 21 दिवस लागतात हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 84 दिवस एक नवी कृती रोज करायला सांगितली होती. हा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. ती कृती आपोआप व्हायला लागण्याचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागतात असा मधला आकडा, 66 दिवस निघाला, आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा. यातले 84 दिवसांपलीकडचे आकडे आलेख पुढे वाढवून अंदाजाने काढलेले आहेत. शिवाय त्या कृती खाणं, पिणं आणि व्यायाम अशा होत्या; वाचन त्यात नव्हतं, त्यामुळे 66 हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका. त्यातला दुसरा निष्कर्ष तुमच्या जास्त कामाचा आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मूल आजारी पडलं, कार्यालयात वर्षअखेर आली, चार दिवस पुस्तक उघडलं नाही, तर पाचव्या दिवशी उघडा. राहिलेली पानं भरून काढायला बसू नका.

पहिली दहा मिनिटं अस्वस्थ जाणार, हे धरूनच चाला. हात मोबाइलकडे जाईल, बिल भरायचं आठवेल, मुलाच्या वहीला कव्हर घालायचं आठवेल. शेजारी कागद-पेन्सिल ठेवा, आठवलेलं काम एका शब्दात लिहा आणि पुन्हा ओळीवर या. काम कागदावर गेलं की डोकं ते सोडून देतं. मोबाइल उठून जावं लागेल इतक्या लांब ठेवा. मोबाइलवरच पुस्तक वाचत असाल तर विमानातला मोड लावा. पडद्यावर वाचलेलं खरं वाचन नव्हे, असं मी मुळीच म्हणणार नाही. 2018 मध्ये 2000 ते 2017 या काळातल्या 54 अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, एकूण एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा. त्यात माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजलेला दिसला, विशेषतः वेळेचं बंधन असताना. कथात्म मजकुरात मात्र तसा फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी पडद्यावर वाचा, इतिहास किंवा अर्थकारण शक्य तर कागदावर.

बेचाळीस वय वाचून मला आणखी एक शंका आली, आणि ती मी चाळिशीतल्या प्रत्येकाला बोलून दाखवते. शेवटची डोळेतपासणी कधी केली? चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं आणि जवळचं स्पष्ट दिसण्याचं अंतर वाढत जातं. हे इतक्या हळू होतं की माणसाला दिसण्यातला फरक जाणवतच नाही. पुस्तक कंटाळवाणं वाटतं, डोकं जड होतं, संध्याकाळी झोप येते. ‘आता पूर्वीसारखं वाचन होत नाही’ म्हणणारे कितीतरी जण चष्मा बदलल्यावर महिन्याभरात परत येतात. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचनाचा भाग खाली आणि अरुंद असतो, त्यामुळे आडवं पडून वाचताना मान विचित्र वळवावी लागते. खूप वाचायचं असेल तर फक्त वाचनाचा वेगळा चष्मा असावा का, हे डॉक्टरांना विचारा. दिवा पानावर पडेल असा बाजूने किंवा खांद्यामागून असू द्या. वय वाढतं तसा डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड कमी होत जातो, म्हणून विशीत पुरणारा छताचा दिवा आता पुरत नाही.

दोन अपवाद सांगून ठेवते. घरात तान्हं मूल असेल आणि झोप तुकड्यांत मिळत असेल, तर वाचन परत आणण्याचा हा काळ नव्हे. वीस मिनिटं मिळाली तर झोपा. आणि नुसतं वाचनच नव्हे, तर गाणं, मित्र, आवडीचं खाणं, कशातच रस वाटत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर लक्ष न लागणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. तिथे ग्रंथपालाचा उपयोग नाही, डॉक्टरांना भेटा.

श्राव्य पुस्तकांबद्दल कुणीतरी विचारतंच. ऐका. भांडी घासताना, चालताना ऐका. गोष्ट आत जाते हे महत्त्वाचं. पण बसून पान उलटण्याची सवय त्यातून आपोआप येत नाही. एक मधली वाट मला आवडते: पहिली दोन-तीन प्रकरणं ऐकायची आणि पुढचं तेच पुस्तक वाचायचं. आत शिरण्याचे कष्ट वाचतात आणि नावांचे उच्चारही कानावर पडलेले असतात.

वर्षाला इतकी पुस्तकं, असं लक्ष्य ठेवू नका. लक्ष्य ठेवणारी माणसं डिसेंबरात बारीक पुस्तकं शोधत येतात. सोबत हवी असेल तर आधी एखादी मैत्रीण आणि तेच पुस्तक, एवढं पुरे. महिन्याचं नेमलेलं पुस्तक असलेला वाचनगट सुरुवातीलाच घेतलात तर पुन्हा गृहपाठ होईल. माझेच गट आहेत, तरी सांगते. त्यापेक्षा प्रत्येकाने आपलं पुस्तक आणायचं, तासभर गप्प बसून वाचायचं आणि मग वाटलं तर बोलायचं, हा प्रकार बरा. सॅन फ्रान्सिस्कोत 2012 मध्ये दोन मैत्रिणींनी हे सुरू केलं आणि पुढे असे गट अनेक देशांत निघाले. त्यासाठी कोणतीही संस्था लागत नाही. चार खुर्च्या आणि शांतता लागते.

सवय मोडते ती बहुतेकदा दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एक पुस्तक संपतं, छान वाटतं, ‘आता पुढचं बघू’ म्हणून चार दिवस जातात आणि ते चार दिवस मग संपत नाहीत. हातातल्या पुस्तकाची तीसेक पानं उरली असतानाच पुढचं आणून ठेवा, आणि त्याचं पहिलं प्रकरण आधीच वाचून टाका. फार आवडलेल्या पुस्तकानंतर तर ही काळजी हवीच. त्याच लेखकाचं, त्याच धाटणीचं दुसरं लगेच घेतलं की ते फिकं पडतं आणि गाडी अडते. मोठ्या कौटुंबिक कादंबरीनंतर एखादं हलकं प्रवासवर्णन किंवा रहस्यकथा घ्या.

राहिली ती कपाटातली जाडजूड कादंबरी. आत्ता नको. आधी तीन-चार छोटी पुस्तकं लागोपाठ संपू द्या. मग ती काढा, जिथे सोडली होती त्याच्या आधीचं एक प्रकरण वाचा आणि आठवतील तेवढ्या पात्रांची नावं नात्यासकट एका चिठ्ठीवर लिहा. निम्मी आठवली तर तिथूनच पुढे चला. गाळलेले धागे लेखक सहसा पुन्हा हाती देतो. काहीच आठवलं नाही तर पहिल्या पानापासून घ्या, पण पूर्वी कुठवर आला होतात ती जुनी खूण आधी काढून टाका. आणि तीस पानांत जमलं नाही तर ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर देणगी म्हणून आणून द्या. आम्हाला तिचा वाचक शोधता येतो.